वाचकांचे प्रश्न: मंगळाची माती वर्गात कशी करायची?

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. मंगळासारखी माती करून त्यात जीव आहे का हे मुलांनीच शोधायचं, असा प्रयोग घ्यायचाय. शाळेमागची लाल माती चालेल का?

उत्तर: ताई, रंगाने ती मंगळाची वाटेल, पण आपल्या मातीत आधीच भरपूर जीवाणू असतात, मग शोधायचं काय राहिलं? त्यापेक्षा खडी क्रशरवरची कच आणा. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच, त्यामुळे हे सामान खरंच जवळचं आहे. कच धुवायची, कढईत चांगली भाजायची आणि पूर्ण कोरडी, गार होऊ द्यायची.

तीन काचेचे ग्लास घ्या. एकात नुसती कच, दुसऱ्यात कच आणि चमचाभर ड्राय यीस्ट, तिसऱ्यात कच आणि ईनोची पुडी. ग्लासांवर फक्त नंबर टाका, कशात काय ते मुलांना अजिबात सांगू नका. मग तिन्हींत साखरेचं कोमट पाणी, उकळतं नको, यीस्ट मरतं.

पण पाणी ओतायच्या आधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, की काय दिसलं तर जीव आहे म्हणायचं. बहुतेक जण "बुडबुडे" लिहितील आणि ईनो लगेच फसफसला की वर्ग ओरडेल "सापडला!", होऊ दे तसं, कारण 1976 मध्ये नासाच्या वायकिंग यानांनी मंगळावर हेच केलं, मातीवर पोषक द्रावण टाकलं आणि वायू लगेच आला, पण दुसऱ्यांदा द्रावण टाकल्यावर तसा उसळला नाही. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणाले ही मातीतली रासायनिक क्रिया आहे, तर तो प्रयोग बनवणारे गिल्बर्ट लेव्हिन शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो जीवच होता. पुढे 2008 मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीन-ऑक्सिजनचं रसायन सापडलं आणि रसायनवाल्यांची बाजू आणखी भक्कम झाली.

म्हणून तुम्हीही दुसऱ्यांदा साखरपाणी घाला. ईनो गप्प बसेल, यीस्टचा फेस मात्र हळूहळू वाढत राहील, आणि आता मुलांना आपली व्याख्या खोडून नवी लिहू द्या, माझ्या मते सगळा प्रयोग इथेच आहे. यीस्टला वेळ लागतो, तेव्हा दोन तास सलग मागून घ्या.