मुलगा अचानक आक्रमक का होतो? कारण नेमकं कसं शोधायचं?

१४ वर्षांचा मुलगा अभ्यासाचं नाव काढलं की वस्तू फेकतो, शाळेतही मारामारी करतो, हे मोबाइलमुळे की संगतीमुळे, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर इतक्यात कशावरच शिक्का मारू नका. आधी दोन आठवडे एक वही ठेवा.

वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. ‘उद्धटपणा केला’ असं मोघम नको. ‘गणित करायला बसवलं, त्याने कंपास भिंतीवर फेकला, आई म्हणाली राहू दे आता’ असं लिहा. खरी गोम बहुतेकदा तिसऱ्या रकान्यात सापडते. कंपास फेकल्यावर त्याचं गणित टळलं आणि आईच्या मागचा आरडाओरडाही थांबला. सुटका दोघांची झाली, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लवकर भडकतो आणि आई आणखी लवकर माघार घेते. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे चक्र फार नेमकेपणाने मांडलं आहे. ते तोडायला गेलात की सुरुवातीला त्रास वाढतो. तेव्हा नमतं घेतलंत, तर जास्त जोर लावला की काम होतं एवढंच तो शिकेल.

पण टाळायचं आहे ते गणितच का, हेही बघा. वाचन-आकलनाची अडचण, कमी दिसणं, कमी ऐकू येणं वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. चारचौघांत ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘वांड’ ठरणं मुलांना परवडतं. या वयात ८ ते १० तास झोप लागते, ती मोजा. मोबाइलचा विचार करताना रात्रीची झोप आधी तपासा. किशोरवयातलं नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीतून दिसतं. शाळेत कुणी छळतंय का, घरात मारहाण होते का, हे प्रश्न अवघड वाटले तरी विचाराच. मार खाणारं मूल साध्या धक्क्यालाही हल्ला समजतं.

शाळेतल्या मारामारीत तो भडकून हात उगारतो की थंड डोक्याने, काही मिळवण्यासाठी, हेही नोंदवा. भडकणाऱ्याला राग ओळखून थांबायला शिकवावं लागतं. दुसऱ्या प्रकारात त्या मारामारीतून होणारा फायदा बंद करावा लागतो.

भडका उडालेला असताना समजावू नका. एकानेच बोलावं, छोट्या वाक्यांत, थोडं अंतर राखून. बोलणं नंतर, तो शांत झाल्यावर.

जीव देण्याची भाषा, हातात शस्त्र, प्राण्यांना इजा, नशेचा संशय, डोक्याला मार लागल्यानंतर किंवा काही आठवड्यांत एकाएकी झालेला बदल, यातलं काहीही असेल तर वही भरत बसू नका, लगेच मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.