कुत्र्याचं घरचं जेवण: फ्रीझर घेण्याआधी हाडं वेगळी काढून वजन करा

प्रश्न (डोंबिवली): आमचा लॅब्राडोर 6 वर्षांचा, 28 किलोचा, नसबंदी झालेला. तयार कोरडं खाणं 480 रुपये किलोने, 3-3 किलोच्या पाकिटांतून आणते. महिन्याला 5,400 रुपये जातात आणि तो अर्धं ताटलीत ठेवतो. घरी अर्धा किलो चिकन 110 आणि तांदूळ 10, म्हणजे महिन्याला 3,600. वाचलेल्या 1,800 मधून 18,000 चा डीप फ्रीझर 10 महिन्यांत फिटेल. कार्डावर विनाव्याज हप्त्याने घेऊ का?

ताई, फ्रीझर घेऊ नका. तुमचा रोजच्या 120 रुपयांचा आकडा चुकला आहे, आणि तो चुकलाय हाडांमुळे.

220 रुपये किलोचं चिकन घरी आणून हाडं आणि कातडी काढून पुन्हा वजन करा. हातात साधारण 650 ग्रॅम मांस उरेल, म्हणजे खरा दर 340 रुपये. शिजवलेली हाडं फुटून त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यात घुसतात, त्यामुळे ती वजनात धरायची नाहीत आणि द्यायचीही नाहीत.

आता भूक. 28 किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 1,350 कॅलरी लागतात. त्यासाठी कच्च्या वजनाने 450 ग्रॅम मांस (153 रुपये), 40 ग्रॅम कलेजी (8), 160 ग्रॅम तांदूळ (8), लाल भोपळा आणि गाजर मिळून 150 ग्रॅम (8), एक अंडं (7), दोन चमचे तेल (2) आणि गॅसचे 6 धरा. हे झाले 192. कांदा-लसूण अजिबात नको, मीठ-मसालाही नको.

पण एवढ्यावर जेवण पूर्ण होत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. ते वरून मिळालं नाही तर शरीर हाडांतून ओढून घेतं. एका अंड्याचं कवच उकळून, वाळवून मिक्सरला अगदी बारीक केलं की साधारण 5 ग्रॅम पूड होते आणि तिच्यात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्याची दिवसाची गरज भागते. जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व मात्र कवचातून येत नाही. 2013 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या तज्ज्ञांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरच्या जेवणासाठीच बनवलेली पूरक पावडर लागते, तिचे रोजचे 30 रुपये धरा. त्या पावडरीत कॅल्शियम असेल तर कवचाची पूड घालू नका.

एकूण 222 रुपये, महिन्याचे 6,660. म्हणजे 1,800 वाचणं दूरच, आजच्यापेक्षा 1,260 जास्त. फ्रीझर फिटणार कशातून? शिवाय ‘विनाव्याज’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो, आणि विजेचं बिल वेगळं. एका कुत्र्यासाठी डीप फ्रीझरची गरजही नाही. आठवड्यातून दोनदा शिजवा, दोन दिवसांचं फ्रिजमध्ये आणि बाकीचं डब्यांत भरून वरच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

खरी बचत पाकिटाच्या आकारात आहे. त्याला महिन्याला सव्वाअकरा किलो खाणं लागतं. 15 किलोची गोणी 40 दिवसांत संपते, तेवढ्यात त्यातली चरबी खवट होत नाही, फक्त गोणीचं तोंड घट्ट बंद ठेवा. किलोमागे 60 रुपये उतरले तरी महिन्याला 675 वाचतात. 3 किलोची पाकिटं आजपासून बंद करा.

ताटलीत उरतं त्याची मला जास्त काळजी वाटते. आधी दात आणि पोट तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर रोजचं कोरडं खाणं 375 वरून 340 ग्रॅमवर आणा आणि वर एक उकडलेलं अंडं आणि कच्च्या वजनाने 50 ग्रॅम चिकन शिजवून घाला. दहा टक्के कॅलरींच्या आत राहिल्याने खाण्याचा समतोल बिघडत नाही. आजच्याच दराने याचे महिन्याला सुमारे 215 रुपये वाढतात, आणि तेही गोणीच्या बचतीतून निघतात. कोरडं खाणं कमी लागत असल्याने ती बचत आता 675 ऐवजी सुमारे 610 धरा.

उरलेले सुमारे चारशे त्याच्या औषधपाण्यासाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर मी अडवणार नाही, पण बचत म्हणून नको. 6,660 चा खर्च मान्य करून, पशुवैद्यकांकडून प्रमाण लिहून घेऊन, आणि जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत बदल करा.