ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर आणलेल्या बिलिंगमध्ये काही गिऱ्हाइकांचे पत्ते कोरे का छापले जातात?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक दुकानाचं बिलिंग ओरॅकल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणलं, डेटा पूर्ण आला, एरर एकही नाही, तरी काही बिलांवर पत्ता कोरा येतो. डेटा जागेवरच असणार. पत्ता जोडणारी क्वेरी उघडा.

दोन उभ्या रेघांनी (||) मजकूर जोडताना ओरॅकल नल (म्हणजे मूल्यच नाही) सोडून देतं. पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खी जोडणीच नल होते. म्हणून ज्यांची पत्त्याची दुसरी ओळ रिकामी, त्यांचा सगळा पत्ता गेला. तिथे कॉन्कॅट_डब्ल्यूएस (मधे स्वल्पविरामासारखं चिन्ह घालून तुकडे जोडणारं फंक्शन) वापरा. ते नल गाळतं आणि जादा स्वल्पविरामही येत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) नल म्हणूनच साठवतं, पोस्टग्रेस दोन्ही वेगळ्या ठेवतं. त्यामुळे जुन्या नोंदींत नल आणि फॉर्ममधून आलेल्या नव्या नोंदींत रिकामी स्ट्रिंग, अशी सरमिसळ होते. ‘इज नल’ने शोधलं की नव्या नोंदी सुटतात. जीएसटी क्रमांकावर युनिक अट (तेच मूल्य दोनदा नको) असेल तर क्रमांक नसलेलं दुसरं गिऱ्हाईक भरताच नोंद नाकारली जाते: नल कितीही चालतात, रिकामी स्ट्रिंग एकदाच. तारखेच्या कॉलमात ती गेली तर थेट एरर येतो, आणि तो बरा, निदान दिसतो. उपाय एकाच जागी करा: ॲप्लिकेशनच्या सामाईक थरात प्रत्येक रिकाम्या मजकुराचं नल करा. वर त्या कॉलमांना रिकामी स्ट्रिंग नाकारणारी चेक अट लावा, म्हणजे राहून गेलेला फॉर्म पहिल्याच दिवशी सापडेल.

उधारीचे दिवसही तपासा. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळ असते, म्हणून तो कॉलम बहुधा टाइमस्टॅम्प होऊन आला असेल. त्यांच्या वजाबाकीतून दिवसांचा आकडा येत नाही, इंटरव्हल (कालावधी) येतो. वेळ लागतच नसेल तर कॉलम सरळ डेट करा.

‘आधी इन्सर्ट, डुप्लिकेट निघालं तर अपडेट’ असा कोड ॲप्लिकेशनमध्ये असेल तर पोस्टग्रेस पहिल्या चुकीनंतर रोलबॅक होईपर्यंत (बदल मागे घेईपर्यंत) ट्रान्झॅक्शनमधली, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कमांडच्या गटातली, पुढची प्रत्येक कमांड नाकारतं. तिथे इन्सर्टमध्येच ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ (डुप्लिकेट निघालं तर काय करायचं ते सांगणारा भाग) घाला.

देवनागरी नावं असतील तर लांबीही बघा. ओरॅकलमध्ये व्हारचार२ या मजकुराच्या कॉलमाची लांबी सहसा बाइटमध्ये असते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ‘सियागंज’ २१ बाइट घेतो, म्हणजे २० च्या कॉलमात मावत नाही. पोस्टग्रेस अक्षरचिन्हं मोजतं, तिथे तो ७. आता लांब नावं आत येतील, तेव्हा बिलाच्या छपाईतली रुंदी आधीच वाढवून ठेवा.