इम्प्लांटच्या आधी ओपीजी काढलाय, मग परत सीबीसीटी कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांना इम्प्लांट, म्हणजे काढलेल्या दाढेच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू, बसवायचाय; त्यासाठी निपाणीच्या डॉक्टरांनी त्यांचा ओपीजी (अख्ख्या जबड्याचा सपाट एक्स-रे) बघूनसुद्धा सीबीसीटीला (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) बेळगावला पाठवलं, हा उगाच खर्च आहे का. मी इथं बेळगावात डेंटल स्कॅनच्याच मशीनवर असतो, त्यामुळे धंद्याचं बोलतोय असं वाटेल, पण खालच्या मागच्या दाढेची जागा आहे म्हणताय तर स्कॅन काढूनच घ्या की.

ओपीजीत अख्खा जबडा दिसतो, हाडाची उंचीही दिसते, पण चित्र खऱ्यापेक्षा साधारण २० ते ३० टक्के मोठं येतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही. मुख्य म्हणजे हाडाची रुंदी त्यात दिसतच नाही. दाढ काढल्यावर हाड आधी रुंदीलाच झिजतं, वर्षभरात निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, आणि वडिलांची दाढ काढून तर बरीच वर्षं झालीत. ४ मिमी जाडीचा इम्प्लांट बसवायचा तर दोन्ही बाजूला किमान १-१ मिमी हाड पाहिजे म्हणजे ६ मिमी झाले, हे ओपीजीवरून कुणी सांगू शकत नाही. त्यात खालच्या जबड्यात नसेचा कॅनल जातो, त्याच्यापासून २ मिमी अंतर ठेवून इम्प्लांटची लांबी ठरवतात. आणि जिभेच्या बाजूला हाडाला खाली खोलगट भाग असतो, वरून हिरडी बघितली तर हाड चांगलं जाड वाटतं, पण ड्रिल तिकडून बाहेर गेलं तर जिभेखाली रक्तस्राव होतो, तो साधा प्रकार नव्हे, सूज वाढून श्वासाला अडचण येऊ शकते. सीबीसीटीत आडवे काप बघितले की हे लगेच कळतं.

रेडिएशनचं लई मनावर घेऊ नका. ओपीजीपेक्षा जास्त असतं हे खरं, पण हॉस्पिटलच्या मोठ्या सीटीपेक्षा बरंच कमी, आणि एकाच भागाचा छोटा स्कॅन काढला की अजून कमी. एका दाढेसाठी दोन्ही जबडे कशाला, तेवढं आधीच विचारा. आणि नुसते प्रिंट घेऊन परत जाऊ नका, सीडी किंवा डायकॉम फाईल (स्कॅनची मूळ कॉम्प्युटर फाईल) मागून घ्या, लोक प्रिंटचा फोटो काढून व्हॉट्सॲपला पाठवतात, त्यावर डॉक्टरांना मोजमाप करता येत नाही. रिपोर्ट इंग्लिशमध्येच असतो, तिथं तरी कन्नड-मराठीचा वाद नाही. कुणी सीबीसीटीवरून हाडाच्या घनतेचा आकडा ठामपणे सांगितला तर थोडं जपून, मोठ्या सीटीसारखा तो भरवशाचा नसतो.

वडील तंबाखू खात असतील, बिडी ओढत असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा, हाड पुरेसं असलं तरी जखम कशी भरेल ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

इम्प्लांट बसल्यावर मात्र दरवेळी सीबीसीटी मागत बसू नका. धातूमुळे पांढऱ्या-काळ्या रेघा उमटतात आणि इम्प्लांटला चिकटून असलेलं हाड असूनही नसल्यासारखं दिसतं. तिथं तोंडातला छोटा एक्स-रे बरा, फक्त सरळ काढलेला पाहिजे, इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसले पाहिजेत. इम्प्लांटवर कॅप (वरचा कृत्रिम दात) बसवली त्या दिवशीचा एक एक्स-रे जपून ठेवा, पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून बघतात. जुना ठोकताळा असा की पहिल्या वर्षी साधारण १.५ मिमीपर्यंत हाड उतरलं तर चालतं, त्यानंतर वर्षाला ०.२ मिमीपेक्षा कमी. पण भूल उतरल्यावरही ओठ, हनुवटी बधिरच राहिली तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, तेव्हा सीबीसीटी परत काढायची वेळ आली तरी नको म्हणू नका.