वाचक विचारतात : नऊ होल, नऊ नावं आणि मुरमाचा माळ

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा सहा एकर माळ आहे, नुसता मुरूम, ज्वारीसुद्धा धड येत नाही. मुलगा स्कॉटलंडला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं एका छोट्या गोल्फ कोर्सवर नेलं. नऊच होल, म्हणजे बॉल मारत मारत शेवटी खड्ड्यात घालायचे नऊ पट्टे, आणि प्रत्येक होलला तिथल्या इतिहासातलं काहीतरी नाव. खेळता काही आलं नाही पण कल्पना लई आवडली. आता हुरडा पार्टीसोबत माळावर तसंच करायचं म्हणतोय. नावंपण काढून ठेवलीत : सिद्धेश्वर, भुईकोट, चार हुतात्म्यांची चार, डॉ. कोटणीस, जुनी मिल आणि हिप्परगा तलाव. बरोबर नऊ झाली. जमेल का? पाणी किती लागेल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जमेल की, पण तुम्ही बारसं आधी उरकलंय आणि माळ नंतर बघणार आहात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावरची नावं बघा, पहिला होल 'बर्न', म्हणजे तिकडच्या बोलीत ओढा, कारण ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अगदी तोंडाशी ओढा आडवा येतो. चौथा 'जिंजर बिअर', कारण तिथं एकजण गाडी लावून जिंजर बिअर विकायचा. सतरावा 'रोड', ग्रीनच्या मागं खरोखरचा रस्ता, आणि बॉल रस्त्यावर गेला तर तो रस्त्यावरूनच मारायचा, उचलून आणायचा नाही. म्हणजे नाव ऐकलं की पुढं काय वाढून ठेवलंय ते खेळणाऱ्याला अर्धं तरी कळतं. अठरा होलमध्ये माणसांची नावं दोनच, दहावा बॉबी जोन्स आणि अठरावा टॉम मॉरिस, आणि दोघंही गोल्फचेच.

हुतात्म्यांची नावं मात्र कृपा करून होलला देऊ नका. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं, हे सोलापुरात शाळेतल्या पोरालाही माहितीये. खेळताना लोक बोलतात कसं, तर 'अमुकला सहा मारले', 'तमुकमध्ये बॉल घातला', हे त्या नावांसोबत ऐकवेल का तुम्हाला? सिद्धेश्वरांचंही तेच, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाला हात जोडणारा माणूस त्या नावाच्या खड्ड्याकडं काठी घेऊन चालत जाणार नाही. चौघांची माहिती लावायचीच असेल तर आत शिरताना एक चांगला फलक लावा, सावलीत, लोक थांबून वाचतील. डॉ. कोटणीसांचं नाव फर्स्ट एडच्या खोलीला द्या, तिथं ते शोभेल. सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 ला चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि 1942 मध्ये तिथंच वारला.

उरलेली नावं झकास आहेत, फक्त माळावर फिरून ती चिकटवा. शेततळं असेल त्यावरून बॉल मारायचा होल 'हिप्परगा'. मधे चर आडवा येतो तिथं नुसतं 'भुईकोट' नको, 'खंदक' म्हणा. जुनी मिल 1877 ची, पण माळावर मिल कुठून दाखवणार, त्यापेक्षा पहिल्या होलला 'भोंगा' म्हणा, ज्याच्यावर अख्खं शहर घड्याळ लावायचं, आणि तिथं खरंच एक भोंगा ठेवा, वाजवला की खेळ सुरू. सगळ्यात रुंद, सपाट होल 'चादर'. आणि जिथं जमीन इतकी टणक की बॉल टप्पा खाऊन पुढं पळतो त्याला 'कडक भाकरी', हे नाव तर पाहुणे फोटो काढून नेतील.

लांबी फार नको. पिच अँड पट नावाचा छोटा प्रकार आहे, त्यात एक होल जास्तीत जास्त 90 मीटर आणि अठरा होल मिळून 1200 मीटरच्या आत, म्हणजे तुमचे नऊ 600 मध्ये बसतात. शिवाय पटर (ग्रीनवर बॉल हळूच ढकलायची काठी) धरून तीनच काठ्या, त्यामुळं सामानाचा खर्चही कमी.

आता पाणी. ग्रीनवरच्या हिरवळीला आपल्या उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज साधारण 5-6 लिटर पाणी जातं. 200 चौरस मीटरचे नऊ ग्रीन धरले तरी रोजचा दहा हजार लिटरचा एक टँकर झाला, आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं हे कुणाला सांगायलाही लाज वाटेल. म्हणून ग्रीन नको, 'ब्राऊन' करा, आपल्या देशात कोरड्या भागात ही पद्धत जुनीच आहे. बारीक चाळलेली वाळू पसरून रोलरनं दाबायची आणि पटिंगआधी दांडीला बांधलेलं गोणपाट बॉलपासून होलपर्यंत ओढायचं, की गुळगुळीत पट्टा तयार, पुढच्यानं परत आपला ओढायचा. पूर्वी वाळूत जळकं ऑइल मिसळायचे, ते अजिबात करू नका, विहीर बाटेल.

प्रश्न : वय 67, गुडघे कुरकुरतात, गोल्फ कधी खेळले नाही. जूनमध्ये लेकीकडं एडिंबराला चाललेय. तिथं मला कुणी खेळू देईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : का नाही देणार! एडिंबराहून सेंट अँड्र्यूजला जा. तिथल्या ओल्ड कोर्सवर हँडिकॅप (खेळाडू किती तरबेज ते सांगणारा आकडा) विचारतात, पण त्याच गावात बॅलगोव्ह नावाचा नऊ होलचा कोर्स नवशिक्यांसाठीच आहे. गुडघे फारच बोलत असतील तर 'हिमालयाज' म्हणून चढउतारांचं पटिंग ग्रीन आहे, तिथल्या बायकांच्या पटिंग क्लबचं, क्लब 1867 पासूनचा, आणि बाहेरच्यांनाही खेळता येतं, हातात फक्त पटर. रविवारी शक्यतो ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, तुम्हीही खुशाल फिरा.

आणि आखूड होलला कमी लेखू नका. स्कॉटलंडमधल्याच रॉयल ट्रून या कोर्सचा आठवा, 'पोस्टेज स्टॅम्प', फक्त 123 यार्ड, पण ग्रीन एवढंसं आणि चहूकडून बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, भलेभले तिथं रडलेत. त्याच होलवर जीन साराझेन या जुन्या अमेरिकन खेळाडूनं 1973 च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत एका फटक्यात बॉल आत घातला, वय 71. तुम्ही तर चार वर्षांनी लहान आहात.

प्रश्न : होल करायला डबा कुठला वापरावा?
– एक वाचक, होटगी

उत्तर : नियमात व्यास 108 मिलिमीटर आणि खोली निदान 10 सेंटिमीटर. हार्डवेअरवाल्याकडं 110 चा पीव्हीसी पाइप मागा, घरच्या खेळाला दोन मिलिमीटरनं काही अडत नाही. तळाला खडी घाला, नाहीतर पहिल्या पावसानंतर आत डासच पाळाल.