‘अग्नितत्त्वाचा’ मंगळ आणि ‘पित्तप्रकृतीचा’ मंगळ

प्रश्न असा आहे: ज्योतिषाच्या पुस्तकांत मंगळाला कधी ‘अग्नितत्त्वाचा’, तर कधी ‘पित्तप्रकृतीचा’ ग्रह म्हटलेले आढळते, हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि ‘प्रकृती’च्या जागी सरळ ‘स्वभाव’ लिहिले तर चालेल का?

दोन्हींचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. मात्र मंगळाचेच उदाहरण घेतले तर ते पटणार नाही, कारण आयुर्वेदाप्रमाणे पित्तात अग्नी प्रधान असतो आणि अग्नीचा ग्रह पित्ताचा असणे ओघानेच येते. या दोन शब्दांची फारकत दिसते ती गुरूपाशी.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातक’ या ज्योतिषग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात ‘शिखिभूखपयोमरुद्गणानां वशिनो भूमिसुतादयः क्रमेण’ असे म्हटले आहे. शिखी हा अग्नी, भू ही पृथ्वी, ख हे आकाश, पयस् हे पाणी आणि मरुत् हा वारा. भूमिसुत अर्थात मंगळ, आणि त्याच्यापासून वारांच्या क्रमाने मोजत गेले की बुधाकडे पृथ्वी, गुरूकडे आकाश, शुक्राकडे जल व शनीकडे वायू येतो. महाभूते पाच आणि हे ग्रहही पाच, त्यामुळे सूर्य-चंद्रांना या वाटणीत जागाच नाही; सूर्य अग्नीचा व चंद्र जलाचा असे आज सर्रास लिहिले जाते, पण या ओळीत ते सांगितलेले नाही.

त्याच अध्यायात पुढे ग्रहांची रूपे वर्णिली आहेत आणि तेथे गुरू ‘कफात्मक’ आहे. आयुर्वेदात कफ पृथ्वी व जल यांचा, तर आकाश हे वायूबरोबर वाताच्या बाजूला. तत्त्वावरूनच प्रकृती ठरत असती, तर आकाशाचा स्वामी गुरू वातप्रकृतीचा ठरायला हवा होता. बुधाचेही तेच: तत्त्व एकटी पृथ्वी, प्रकृती मात्र पित्त, वात, कफ या तिन्हींची. तेव्हा तत्त्व हे ग्रहाच्या अधिकारातले महाभूत आणि प्रकृती हे त्याच्या अंगातले वात, पित्त, कफ या दोषांचे मिश्रण, असा भेद धरावा लागतो.

आता ‘स्वभावा’कडे वळू. वराहमिहिराचा शनी ‘मन्दोऽलसः’ आहे. त्याचे डोळे पिंगट, अंग सडपातळ व उंच, दात मोठे, केस राठ, आणि तो ‘अनिलात्मा’, म्हणजे वातप्रकृतीचा आहे. दात आणि केस ‘स्वभाव’ या शब्दात कसे बसवणार? ‘प्रकृती’त शरीराची ठेवण आणि मनाची घडण एकत्र नांदतात, म्हणून तोच शब्द हवा. (या वर्णनातला आळस मात्र वाताकडून आलेला दिसत नाही, कारण वात चंचल आणि मंदपणा कफाचा. राशिचक्राच्या एका फेरीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे घेणाऱ्या शनीचे ‘मंद’ हे नाव त्याच्या चालीवरून पडले आणि आळस बहुधा त्या नावाबरोबर आला, असे मला वाटते.) शिवाय ज्योतिषात ‘स्वभाव’ हा शब्द आधीच अडकलेला आहे: चर, स्थिर आणि द्विस्वभाव हे राशींचे प्रकार आहेत.

‘प्रकृती’ वापरताना अडचण एवढीच की रोजच्या मराठीत ‘प्रकृती कशी आहे?’ हा तब्येतीचा प्रश्न असतो. ‘शनीची प्रकृती’ असे सुटे लिहिण्याऐवजी ‘वातप्रकृती’, ‘कफप्रकृती’ असे सामासिक रूप वापरले की घोटाळा टळतो. ‘तत्त्व’ हा शब्दही मराठीला सोयीचाच आहे, कारण सुट्या ‘भूता’ला आपल्याकडे पिशाचाचा अर्थ घट्ट चिकटला आहे.

एक सावधगिरी राशींबाबत बाळगावी. राशींची आज रूढ असलेली मांडणी चारच तत्त्वांची आहे, तिच्यात आकाश नाही आणि ती ग्रीक ज्योतिषातही आढळते. त्यामुळे ग्रहाचे तत्त्व आणि त्याच्या राशीचे तत्त्व जुळेलच असे नाही, आणि ‘गुरू आकाशतत्त्वाचा व कफप्रकृतीचा असून त्याची धनू रास अग्नितत्त्वाची व द्विस्वभाव आहे’ या वाक्यात काहीही चुकलेले नाही.