पत्राच्या तळाची दीड ओळ

वेंगुर्ले तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांचा काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे आणि मुलगा जिल्ह्यातीलच एका महाविद्यालयात बीएमएसच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला शिकतो. ते लिहितात: "मुलाला बेताचेच, ६१ टक्के गुण आहेत. भावाच्या साडूचा मुलगा दुबईला इंटर्नशिप करून आला आणि आता सगळीकडे त्याचेच नाव आहे. मुंबईच्या एका एजंटाने आम्हालाही आठ आठवड्यांची दुबईची इंटर्नशिप देऊ केली आहे. राहणे, विमान आणि प्रमाणपत्र धरून साडेतीन लाख होतात. पंचवीस हजार भरले आहेत, बाकीचे सोने तारण ठेवून एप्रिलपूर्वी भरू. व्हिसा पर्यटकाचा असला तरी चालतो, असे ते म्हणतात. मुलगा कारखान्यात बसला तर लोक म्हणतील, शिकवून काय केले? या इंटर्नशिपचा पुढे किती फायदा होईल, ते कळवावे."

सप्रेम नमस्कार.

आपल्या चार पानांच्या पत्रात "आम्ही ठरवले आहे" हे शब्द पाच ठिकाणी आले आहेत, भावाच्या साडूच्या मुलाचा उल्लेख तीन ठिकाणी आला आहे, आणि आपल्या मुलाला स्वतःला काय हवे आहे हे एकाही ठिकाणी आलेले नाही. मात्र शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, वेगळ्या शाईत आणि बारीक अक्षरात, बहुधा पत्र टपालात टाकायला दिले तेव्हा त्याने दीड ओळ लिहिली आहे: "सर, आमचा ३२० नंबरचा गर शेवटी कोण घेतो, ते तिथे बघायला मिळेल का?" ३२० नंबर ही काजूगराची एक प्रत. ती ओळ आपण वाचली होती की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र आपली चार पाने एकदा वाचली आणि ती दीड ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

आधी मला खटकलेल्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती ६१ टक्क्यांपेक्षा गंभीर आहे. मुलगा कारखान्यात बसला तर लोक काय म्हणतील, असे आपण विचारता. तो कारखाना आपण स्वतः उभा केला आहे. बी उकडण्याच्या बॉयलरपासून ड्रायरपर्यंत एकेक यंत्र कर्ज काढून आणले, गावातील बारा बायकांना वर्षभर काम दिले, हेही आपल्याच पत्रात आहे. असे असताना आपला मुलगा तिथे दिसला तर आपली मान खाली जाईल, असे आपल्याला वाटते. हे वाक्य आपण मुलासमोर किती वेळा बोलला असाल याची कल्पना करता येते, आणि वीस वर्षांच्या मुलाने त्यातून काय अर्थ काढला असेल, याचीही. बापाच्या धंद्याची लाज बापालाच वाटते, हे त्याला उमगले आहे, आणि म्हणूनच त्या धंद्याविषयीचे कुतूहल त्याला पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात लिहावे लागले.

मुलगा बाहेर पाठवणे ही कोकणातल्या घरांची फार जुनी रीत आहे, आणि मी तिला नावे ठेवत नाही. माझे आजोबा बोटीने मुंबईला गेले आणि गावाच्या मंडळाच्या खोलीत एका वळकटीच्या जागेवर त्यांनी नऊ वर्षे काढली. पुढे रत्नागिरी-रायगडातील कितीतरी घरांतून माणसे आखातात गेली. पण ती जात असत कमवायला, आणि मनीऑर्डर मुंबईहून गावाकडे येत असे. आपल्या बेतात पैसा उलट्या दिशेने निघाला आहे. शिवाय तो निघतो आहे फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे नेमका बी खरेदीच्या हंगामात, जेव्हा रोख हातात असलेला कारखानदारच वर्षभराचा माल भरून ठेवू शकतो. साडेतीन लाखांत आपल्याला किती बी घेता आली असती आणि शंभर किलो बीमागे पंचवीस ते तीस किलो गर धरला तर त्याचे काय झाले असते, हा हिशेब आपण माझ्यापेक्षा लवकर कराल.

आता त्या इंटर्नशिपविषयी. पत्रासोबत आपण जोडलेले रंगीत माहितीपत्रक मी वाचले. आठ आठवड्यांपैकी पहिला आठवडा "ओरिएंटेशन", शेवटचा "प्रेझेंटेशन आणि प्रमाणपत्र वितरण", मधल्या प्रत्येक शनिवारी वाळवंटाची सफर, बुर्ज खलिफा आणि मॉल. मुलगा कोणत्या कंपनीत बसणार, कोणाच्या हाताखाली आणि कोणते काम करणार, हे कुठेही लिहिलेले नाही. याला सहल म्हणतात. सहल वाईट नसते, पण तिच्यासाठी आईच्या बांगड्या बँकेत ठेवत नाहीत.

पर्यटक व्हिसाची गोष्ट तर उघड चुकीची आहे. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर काम करणे हा गुन्हा आहे आणि असे काम देणाऱ्यालाही मोठा दंड होतो. प्रशिक्षणासाठी परवाना लागतो, आणि तो तेथील कंपनीने काढायचा असतो. परदेशी कामासाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालचा परवाना असावा लागतो, त्याचा क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो, आणि अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या एजंटाला हे विचारून पाहा. "आम्ही नोकरी देत नाही, प्रशिक्षण विकतो" असे उत्तर आले, तर सहल हा माझा शब्द त्यानेच मान्य केला असे समजावे. या गोष्टी मी उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. थायलंडमध्ये "डिजिटल सेल्स आणि मार्केटिंग"ची कामे आहेत असे सांगून नेलेल्या भारतीय मुलांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. ती बहुतेक शिकलेली मुलेच होती.

ज्या गैरसमजावर हा सगळा व्यापार चालतो, त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. परदेशी प्रमाणपत्र पाहिले की मुलाखत घेणारा भारावतो, असे पालकांना वाटते. मी स्वतः काही वर्षे अशा मुलाखतींच्या मेजापलीकडे बसलो आहे, आणि प्रमाणपत्राची चौकट कितीही सोनेरी असली तरी पहिला प्रश्न एकच असे: "तिथे तू रोज सकाळी जाऊन काय करत होतास?" ज्या मुलाने खरोखर काम केलेले असते, तो या प्रश्नावर थांबत नाही, मालाचा कंटेनर कशामुळे अडकला, गिऱ्हाइकाने कोणती तक्रार केली, साहेबाने त्याचे पहिले पत्र का फाडले, असे काहीतरी तो सांगू लागतो. सहलीहून आलेला मुलगा "एक्स्पोजर मिळाले" एवढे म्हणतो आणि पाणी पितो. खऱ्या परदेशी इंटर्नशिपच्या वाटा सरकारी नियमांतही अशाच बांधलेल्या आहेत. अमेरिकेत विद्यार्थ्याला यासाठी जे-१ व्हिसा लागतो. त्याची मुदत जास्तीत जास्त बारा महिने असते, मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था असल्याशिवाय तो मिळत नाही, आणि कोणत्या टप्प्यात काय शिकवणार याची लेखी योजना विद्यार्थी, प्रायोजक आणि काम देणारा या तिघांच्या सह्यांनी आधी द्यावी लागते. जर्मनीत बाहेरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याची पदवीची किमान चार सत्रे पूर्ण झालेली असावी लागतात आणि काम त्याच्या विषयाशी संबंधित असावे लागते. म्हणजे काय शिकणार हे तिथे व्हिसाच्या आधी विचारले जाते, आणि आपल्या माहितीपत्रकात त्यावर एक ओळही नाही.

याचा अर्थ परदेशातील इंटर्नशिप निरुपयोगी आहे, असा मात्र घेऊ नये. वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलाला तिचा फार उपयोग होतो, आणि आपल्या मुलाच्या बाबतीत तर, आपल्याला आश्चर्य वाटेल, दुबईची निवडही चुकलेली नाही. भारतीय काजूगराच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांत अमिरातीची गणना होते. आपला ३२० नंबरचा गर, म्हणजे ज्याचे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस दाणे बसतात तो पांढरा अख्खा गर, आपल्याला दिसतो तो वाशीच्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढेपर्यंत. त्यापुढे तो कोणाच्या नावाने जातो, दुबईच्या देरा भागातील घाऊक पेढीवर कोणत्या खोक्यात उतरतो, तिथून पुढे कोणत्या देशात निघतो, भाजून-मीठ लावून कोणत्या भावाने विकला जातो, आणि त्याच फळीवर शेजारी ठेवलेला व्हिएतनामचा गर गिऱ्हाईक का उचलते, हे आपण कधी पाहिलेले नाही. आज काजूगर निर्यातीत व्हिएतनाम जगात पहिला आहे, आणि तोही आपल्यासारखीच आफ्रिकेची बी मोठ्या प्रमाणावर आयात करून. एका आयातदाराच्या गोदामात दोन महिने काढलेला मुलगा ओलावा पाच टक्क्यांवर गेला म्हणून परत फिरलेला माल प्रत्यक्ष बघतो. वाशीत आपण उधारीवर माल सोडून फोन करत बसतो, तर तिथे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पैसे देण्याच्या हमीपत्रावर, कागद बरोबर असतील तरच आणि असतील तेव्हाच पैसे कसे सुटतात, हे बघतो. केरळी हिशेबनीस, इराणी घाऊकदार आणि फिलिपिनो विक्रेती यांच्यामध्ये बसून आपले म्हणणे थोड्या आणि स्वच्छ इंग्रजीत मांडायला शिकतो. हे वर्गात शिकवता येत नाही. पण यातील काहीही दिसण्यासाठी प्रश्न घेऊन जावे लागते, आणि असा प्रश्न आपल्या घरात फक्त एकाकडे आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, या एप्रिलला त्याने दुबईला जाऊ नये. या हंगामात त्याने कारखान्यातच, परंतु मालकाचा मुलगा म्हणून गल्ल्यावर न बसता, बी खरेदीपासून प्रतवारीपर्यंत किलोमागे खर्च किती येतो, पाकळी आणि तुकडा, म्हणजे फुटका गर, किती पडतो, तो कोणत्या टप्प्यावर पडतो, याची वही ठेवावी. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वेंगुर्ल्याच्या काजूला आपण त्या नावाने का विकत नाही, हेही त्याने आपल्याला विचारावे आणि आपण न रागावता सांगावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत आलेल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला एका श्रेयांकामागे (क्रेडिटमागे) तीस तास धरले जातात, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. हे तास त्याने उरण-पनवेल भागातील एखाद्या कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे निर्यातदारांसाठी सीमाशुल्काची कागदपत्रे करणाऱ्याच्या, कार्यालयात भरावेत. न्हावा-शेवा बंदर आपल्याच किनाऱ्यावर आहे. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याचा) दाखला हे निर्यातीचे कागद तिथे रोज गठ्ठ्याने हाताळले जातात, आणि एफओबी (जहाजावर माल चढेपर्यंतचा भाव) व सीआयएफ (विमा आणि जहाजभाडे धरून भाव) यांतील फरक तिथे पाठ करावा लागत नाही, कारण चूक झाली की ब्रोकर ओरडतो. त्यानंतर, तिसऱ्या वर्षात किंवा पदवी होताच, परदेशाचा विचार करावा. वर्षारंभी दुबईत भरणाऱ्या गल्फूड या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात भारतीय निर्यातदारांची दालने असतात. त्यातील सहभागींच्या याद्या चाळून, वहीतील आकडे हाताशी ठेवून, त्याने स्वतः पत्रे लिहावीत. चाळीस पत्रांना दोन उत्तरे आली तरी पुरेत, मात्र परवाना कंपनीच काढणार हे लेखी घ्यावे. एआयईएसईसीसारखी विद्यार्थ्यांची जुनी संघटनाही अशा देवाणघेवाणीत काम करते. तिथेही कामाचे वर्णन आणि व्हिसाचा प्रकार आधी वाचावा.

सीए, एमबीएची सीईटी आणि बँकेच्या परीक्षा यांविषयी आपण शेवटी विचारले आहे. त्या वाटा ६१ टक्क्यांनाही बंद नाहीत आणि पदवीनंतरही उघड्या राहतील, त्यामुळे आज त्यावर शाई घालवत नाही. भावाच्या साडूच्या मुलाविषयी मला काहीच म्हणायचे नाही, कारण तो मला पत्र लिहीत नाही.

यापुढच्या ओळी आपल्या मुलासाठी आहेत. त्या त्याने वाचाव्यात.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हो, बघायला मिळेल, पण या एजंटाबरोबर नाही. मला पुढचे पत्र तू लिही आणि ते पहिल्या ओळीपासून लिही. त्यात मला तीन गोष्टी हव्या आहेत: तुमचा गर वाशीत किती भावाने गेला, तोच नंबर त्या आठवड्यात दुबईत घाऊक किती भावाने होता, आणि मधला फरक कोणाकोणाच्या खिशात जातो असे तुला वाटते. तिसऱ्याचे उत्तर चुकले तरी चालेल. आणि पंचवीस हजारांची पावती बाबांकडे आहे का ते आजच विचार. असेल तर रक्कम परत मागणारे पत्र तूच लिही. त्यात आपली मागणी पर्यटक व्हिसावर काम बेकायदा असल्यामुळे आहे असे स्पष्ट लिही, आणि ते पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठव. पावती नसेल, तर एजंटाला फोन करण्याआधी पैसे कोणत्या खात्यातून आणि कोणत्या तारखेला गेले याचा बँकेचा उतारा काढून ठेव.